रविवारची सुट्टी आणि आमचे दुकानदार

तालुक्याच्या पेठेत दुकानाच्या दारावर 'वर्षाचे 365 दिवस सेवेस हजर' अशी पाटी लावण्याची अलीकडे मोठी चढाओढ लागली आहे. मालक ती पाटी भूषण म्हणून लावितो आणि ती वाचून गिऱ्हाईकही खूश होते. परंतु त्या पाटीखाली उभा राहून जो पोऱ्या पोती उचलतो, पुड्या बांधतो आणि रात्री दहाला दुकान झाडून घरी जातो, त्याचे 365 दिवस कोणाच्या खात्यात जमा होतात हे पाटीवर लिहिलेले नसते. हा पोऱ्या कोणाचा म्हणाल तर बहुतकरून आमच्याच घरचा. दोन एकर कोरडवाहूवर चार भावांचे भागत नाही, म्हणून बापाने धाकट्यास किराण्याच्या, कापडाच्या नाही तर भांड्याच्या दुकानात चिकटविलेले असते. तेव्हा दुकाने आठवड्यातून एक दिवस बंद असावीत की नसावीत, हा तंटा शहरातल्या शेटजींचा आहे, त्यात कुणब्याचे काय जाते, असे ज्या वाचकांस वाटत असेल त्यांनी आजचा लेख अवश्य वाचावा, आणि घरात म्हातारी माणसे असतील त्यांस वाचून दाखवावा.

या वादात पहिला मुद्दा असा काढितात की, रविवार हा साहेबाचा वार; साहेब 1947 साली गेला, मग त्याचा वार आपण कशास पाळावा? आम्ही पाहतो की हे बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी तो वार कचेरीतल्या खुर्चीवर बसून फुकट उपभोगलेला आहे. इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या व कोर्टे रविवारी बंद असत, त्यामुळे कारकुनास आणि वकिलास ही सुट्टी कोणाकडे मागावी लागली नाही. मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभा राहणाऱ्यास मात्र ती कोणत्याही साहेबाने घरपोच आणून दिली नाही. 1881 साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्यात सात ते बारा वर्षांच्या पोरांस महिन्यातून चार सुट्ट्या लिहिल्या होत्या, म्हणजे सात वर्षांच्या पोरास गिरणीत घालण्यास कायद्याची हरकत नव्हती! मोठ्या माणसाच्या सुट्टीबद्दल त्या कायद्यात एक अक्षर नव्हते.

ते अक्षर लिहवून घेण्याचे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. हे 1848 सालचे, ठाण्याचे. गिरणीत नोकरी केलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले आणि 1880 पासून मुंबईत 'दीनबंधु' चालविणारे. 1884 च्या सप्टेंबरात त्यांनी परळास कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेविला. त्यातल्या मागण्या पाहण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी भाकरी खाण्यास अर्धा तास मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. यंत्रात हातपाय गेला तर तो बरा होईपर्यंत पगार चालू राहावा. भाकरी खाण्यास अर्धा तास! आज ज्यास ही मागणी हास्यास्पद वाटेल त्याने एखाद्या मोठ्या दुकानाच्या मागल्या बाजूस जाऊन पाहावे. तिथली पोरे पोत्यावर बसून, एक डोळा गल्ल्याकडे ठेवून कशी घास गिळतात ते दिसेल.

तो अर्ज धूळ खात पडला. पुढे सहा वर्षे खटपट चालली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन बायांनी उभे राहून भाषणे केली, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्याच साली 10 जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. 1891 च्या कायद्याने कारखान्यांतल्या सर्वांस आठवड्याची सुट्टी लिहून दिली. लोखंडे 1897 साली प्लेगात वारले. 2005 साली टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्या पेठेत त्यांचा वार कोणी पाळीत नाही त्या पेठेतली पाकिटेही त्याच तिकिटावर गेली असतील.

त्या वेळी आमच्यातली कित्येक मोठी देशी पत्रे ओरडत होती की, हा सगळा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा कावा आहे, कामगारांस सुट्टी द्यावयाची म्हणजे स्वदेशी धंदा बुडवावयाचा. कावा होताच. लँकेशायरवाल्यांस परळच्या साचेवाल्याची कणव आलेली नव्हती. मुंबईचे सूत महाग व्हावे एवढेच त्यांस हवे होते. परंतु शेजाऱ्याने स्वतःच्या मतलबासाठी का होईना आपल्या गळ्यातला फास सैल केला, तर 'तुझा हेतू शुद्ध नाही' असे म्हणून तो पुन्हा आवळून घ्यावयाचा काय? देशाचा धंदा वाचविण्यासाठी देशाच्या माणसाने सातही दिवस राबावे, आणि वाचलेला पैसा मात्र मालकाच्या तिजोरीत जावा, ही देशभक्ती आम्हांस तेव्हाही समजली नसती आणि आजही समजत नाही.

आणि साहेबाचाच वार म्हणाल, तर जेजुरीच्या खंडोबाचा वार कोणता? आमच्या घराघरांत रविवारी खंडोबाची तळी उचलतात ती काय लंडनहून आली?

आता या रविवाराची मूळ कुळकथा सांगतो, कारण ती कुणब्याने ऐकण्यासारखी आहे. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने 7 मार्च 321 रोजी हुकूम काढला की, सूर्याच्या पूज्य दिवशी शहरांतल्या न्यायाधीशांनी व लोकांनी विश्रांती घ्यावी आणि कारागिरांच्या कामशाळा बंद ठेवाव्या. पुढे हा बादशहा ख्रिस्ती धर्माचा मोठा पाठिराखा म्हणून गाजला, परंतु हुकुमात त्याने नाव घेतले ते सूर्याचे, म्हणजे आमच्याच रवीचे. त्याच हुकुमात पुढे एक शेपूट आहे: शेतकऱ्यांनी मात्र त्या दिवशी खुशाल शेतात काम करावे, कारण पेरणीस व वेल लावण्यास पुष्कळदा तोच दिवस सोयीचा असतो. सतराशे वर्षांपूर्वी सुट्टीची पहिली पाटी लागली तेव्हाच कुणब्याचे नाव त्यातून वगळलेले होते! कारण दिले ते खोटे नाही. वाफसा कोणाच्या वारासाठी थांबत नाही, हे आम्हांस बादशहाने शिकवावयास नको. पण वाफशाचे चार दिवस सोडले तर आमच्या बापजाद्यांनी स्वतःची सुट्टी स्वतः ठरविली आहे. कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. कित्येक ठिकाणी गवंडी-सुतार अमावास्येस हत्यार धरीत नाहीत. बैलास वार आहे, वाकसास-रंध्यास वार आहे. नाही तो दुकानातल्या पोऱ्यास.

यावरून 'शेतकऱ्यास कोठे रविवार आहे, मग नोकरास कशास?' या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आपोआप मिळते. शेतकरी मृगात राबतो आणि पीक निघाल्यावर पारावर बसतो. दुकानात मृग बारा महिने असतो.

मग वार कोणता पाळावा? येथे आमचे म्हणणे रविवारवाल्यांसही पुरते आवडणार नाही. रविवारच पाळा, दुसरा वार नको, असा हट्ट धरला की काय होते ते अमेरिकेत दिसले. तेथे पेनसिल्व्हेनिया राज्यात काही यहुदी दुकानदार होते. त्यांचा धर्म त्यांस शनिवारी धंदा करू देत नाही, आणि राज्याचा कायदा रविवारी करू देत नाही. ते म्हणाले, आम्ही शनिवारी बंद ठेवितोच, रविवारी उघडू द्या. 1961 साली वरिष्ठ कोर्टाने त्यांस नकार दिला, आणि गरीब दुकानदारांवर आठवड्यातून दोन दिवस दुकान बंद ठेवण्याची वेळ आली. त्याच वर्षी त्याच कोर्टापुढे मेरिलँड राज्यातला दुसरा खटला आला. तेथल्या कायद्याप्रमाणे रविवारी तंबाखू, मिठाई, दूध, पाव, फळे, औषधे, वर्तमानपत्रे विकता येत, पण इतर पुष्कळ वस्तू विकता येत नसत. एका मोठ्या दुकानात रविवारी एक कागद अडकविण्याची वही, जमिनीस लावण्याच्या मेणाचा डबा, टाचण्या मारण्याचे यंत्र व त्याच्या टाचण्या आणि एक खेळण्यातली पाणबुडी विकली गेली. दंड झाला. कोणास झाला? मालकास नव्हे, विकणाऱ्या सात नोकरांस, दरडोई पाच डॉलर व वर खर्च! नोकराच्या विश्रांतीसाठी म्हणून जो कायदा कोर्टाने उचलून धरला, त्याच कायद्याने नोकराचा खिसा कापला. कायदा करणाऱ्यांनी ही खेळण्यातली पाणबुडी नेहमी टेबलावर ठेवावी, असे आम्हांस वाटते.

आमच्या मुंबई इलाख्यात या बाबतीत जास्त शहाणपण होते. 1939 साली येथे दुकानांचा कायदा झाला आणि 1948 साली तो नव्याने केला. त्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, हे ठरलेले. वार मात्र पेठेपेठेचा निराळा असू शके. कोठे रविवार, कोठे सोमवार, कोठे गुरुवार. नाभिकबंधूंच्या धंद्यास रविवारीच गर्दी असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांनी सोमवार धरला, आणि गिऱ्हाइकाने तो निमूटपणे लक्षात ठेविला. सोमवारी दाढी वाढली म्हणून कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. आमचा आग्रह वाराच्या नावाबद्दल नाही. आठवडे-बाजार रविवारी भरत असेल तेथे रविवारी दुकान बंद ठेवा म्हणणे हा शुद्ध गाढवपणा होईल. चार कोसांवरून आलेला शेतकरी बी-बियाणे, कोयते, चपला कोठून घेईल? तेथे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बंद ठेवा. पण सगळ्यांनी मिळून ठेवा.

हे 'सगळ्यांनी मिळून' हेच या लेखाचे खरे काम आहे. 2017 साली महाराष्ट्रात नवा कायदा झाला. त्याने दुकानास वर्षभर रोज उघडे राहण्याची मोकळीक दिली, आणि नोकरास आठवड्यातून एक दिवस सुट्टी पाळीपाळीने द्यावी असे सांगितले. कागदावर पाहता नोकराचे काही गेले नाही. पण हा कायदा करताना तो दहा किंवा अधिक माणसे कामास असणाऱ्या दुकानांसाठी केला. त्याहून लहान दुकानदाराने नुसते कळवावयाचे, बाकी कलमांचा त्यास फारसा जाच नाही. 2025 साली मंत्रिमंडळाने ही दहाची रेघ वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. आता वाचकहो, तुमच्या तालुक्याच्या पेठेत वीस माणसे कामास असलेली दुकाने बोटांवर मोजा. एका हाताची बोटे पुरतील. बाकीच्या दुकानांत एक मालक आणि दोन पोरे. पूर्वी पेठेचा वार ठरला की इन्स्पेक्टरास नुसते रस्त्याने चालत जाऊन कोणते दुकान उघडे आहे ते दिसे, आणि बंद दुकानात पोऱ्यास राबविणे अवघड होते. आता दुकान सदा उघडे, आणि पोऱ्याची सुट्टी कोणत्या वहीत आहे, ती वही कोठे आहे, हे विचारणारा कोण?

शिवाय पाळीपाळीच्या सुट्टीचा प्रयोग जगाने एकदा करून पाहिला आहे, आणि तो शेटजींनी नव्हे तर कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी केला. रशियात 1929 साली सरकारने रविवार काढून टाकिला. यंत्र क्षणभर थांबू नये म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला आणि माणसांचे पाच रंग पाडिले: पिवळा, गुलाबी, तांबडा, जांभळा आणि हिरवा. चार दिवस काम, पाचव्या दिवशी आपापल्या रंगाची सुट्टी. हिशेबाने पाहता पूर्वीपेक्षा सुट्ट्या वाढल्या! परंतु नवरा पिवळा, बायको हिरवी, पोराची शाळा तांबडी. नवरा घरी असे तेव्हा बायको कामावर, आणि ती घरी येई तो हा निघून जाई. यंत्रांसही दम मिळेना, ती मोडू लागली. 1931 सालापासून सरकारला माघार घ्यावी लागली आणि 1940 साली सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुट्टी परत आली. जे त्या सरकारास दरारा असूनही साधले नाही ते आमच्या पेठेत साधेल असे ज्यांस वाटते, त्यांनी मोठ्या दुकानात काम करणाऱ्या एखाद्या मुलीस विचारावे की तुझी सुट्टी कधी? ती म्हणेल, बुधवारी. बुधवारी भाऊ कामावर, बाप शेतावर, मैत्रिणी शाळेत. लग्न, बारसे, जत्रा, सोयऱ्याचा दहावा, यांतले बुधवारी काय असते? ती दिवसभर झोपते आणि गुरुवारी पुन्हा उभी राहते. विश्रांती झाली खरी. माणसांत मिसळणे झाले नाही. लोखंड्यांच्या काळी कामगार एके दिवशी मोकळे होते म्हणून दहा हजारांची सभा भरू शकली. सात रंगांचे कामगार सात दिवशी मोकळे असते तर एका दिवशी किती जमले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मालकांनी तो केव्हाच केला आहे.

इंग्लंडचेही उदाहरण घ्या. थॅचरबाईंनी 1986 साली रविवारचा धंदा खुला करण्याचे बिल आणिले, आणि त्यांचे एवढे बहुमत असता पार्लमेंटात ते चौदा मतांनी पडले. कारण पाद्री आणि दुकान-कामगारांची युनियन एका बाजूस उभी राहिली. पुढे 1994 साली तडजोड झाली: लहान दुकाने मोकळी, मोठ्या दुकानांस रविवारी फक्त सहा तास. कामगारास रविवारी काम नाकारण्याचा हक्क लिहून दिला. हक्क चांगला आहे. पण आमच्याकडच्या एकट्या पोऱ्याने मालकास 'मी उद्या येणार नाही' म्हणावे आणि परवा त्याची जागा शिल्लक असावी, हे आम्हांस तरी दिसत नाही. म्हणून एकट्या नोकराच्या हिमतीवर सोडलेली सुट्टी आम्हांस मंजूर नाही.

आता लहान दुकानदार काय म्हणतो ते ऐकू, कारण त्याचे म्हणणे खरे आहे. तो म्हणतो, 'मलाही एक दिवस घरी बसावेसे वाटते, पण मी शटर ओढले आणि शेजाऱ्याने उघडे ठेविले तर माझे गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते, ते परत येत नाही.' शेजारीही हेच म्हणतो. दोघेही एकमेकांच्या भीतीने सातही दिवस गल्ल्यावर बसून माश्या मारितात. एकाच्या मर्जीवर सोडले तर दोघांसही सुट्टी नाही. दोघांवर एकच नियम असेल तर गिऱ्हाईक कोठेच जात नाही. ज्याला शनिवारी साखर घ्यावयाची होती तो शुक्रवारी घेतो, साखर तेवढीच खपते. दूध, भाजी, औषध यांची गोष्ट वेगळी. ती थांबत नाहीत, आणि भाजी सडली तर नुकसान आमच्याच शेतकऱ्याचे. त्यांस सूट असावी. पण कपडा सडत नाही, पितळेची घागर नासत नाही, मोबाईल एका रात्रीत आंबत नाही.

आणि आता थोडे आपल्या घरात. पूर्वी दुकानदार म्हणजे शेटजी आणि नोकर म्हणजे आमचा माणूस, असा हिशेब सोपा होता. आता तसे राहिले नाही, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. माळी, मराठा, तेली, शिंपी, सोनार, न्हावी, कोष्टी, चांभार, सगळ्यांच्या मुलांनी दुकाने घातली. खते-बियाणे, हार्डवेअर, हॉटेल, मोबाईल, कापड, चपला. परंतु ज्यांचे आजे परळच्या गिरणीत रविवारसाठी भांडले त्यांचे नातू आज पोऱ्यास महिन्याचे तीसही दिवस उभे करितात आणि 'आमच्या वेळी आम्हीही असेच राबलो' असे वर ऐकवितात. 11 एप्रिलला दुकानात फुल्यांच्या तसबिरीस हार घालावयाचा, आणि तो हार आणण्यास सुट्टी नसलेल्या पोऱ्यास पाठवावयाचे! शेटजीचे वागणे वाईट होते ते तो शेटजी म्हणून वाईट होते काय? वागणे तेच राहून मालकाचे आडनाव बदलले, तर पोऱ्याच्या पायाची सूज उतरत नाही.

काही मालक मोठ्या काळजीने सांगतात की, सुट्टी दिली तर पोरे गुत्त्यात जातात, बिघडतात. दुकानदाराचा मुलगा रविवारी कोठे जातो ते त्यांनी आधी पाहावे. ज्यास सहा दिवस प्रामाणिकपणे गल्ला सांभाळण्यास ठेविता, त्यास सातवा दिवस स्वतःचा सांभाळता येईल.

एक गोष्ट मात्र बायांनी आम्हांस सांगितली आणि ती येथे लिहिणे भाग आहे. पुरुष घरी बसला म्हणजे बाईचे काम वाढते. दोन वेळा चहा, दुपारी काहीतरी चमचमीत, वर पाहुणे. दुकानाचा वार पाळला, तर चुलीचा वार कोण पाळणार? 1890 च्या सभेत ज्या दोन बायांनी भाषण केले त्यांच्याही घरी रविवारी चूल पेटलीच असेल. सुट्टीच्या दिवशी पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे घरातल्या पुरुषांनी करावी, अशी सूचना आम्ही करितो. ती किती घरांत अमलात येते ते कळवावे. आम्ही नावे छापू.

सरकारकडे मागणे हेच की, पेठेचा ठरलेला बंद-वार पुन्हा कायद्यात आणावा, त्यास दहा-वीसची रेघ नसावी, आणि दंड झाला तर तो मालकास व्हावा. परंतु कायदा होईपर्यंत बसून राहण्याचे कारण नाही. पाडव्याआधी प्रत्येक पेठेतल्या आपल्या दुकानदारांनी एक बैठक घ्यावी. बाजाराचा दिवस सोडून कोणताही एक वार ठरवावा. सणाच्या आधीचा आठवडा, पेरणीच्या वेळी बियाणे-खतांची दुकाने आणि दूध-भाजी-औषध यांस सूट लिहून ठेवावी. त्या दिवसाचा पगार कापू नये. त्या बैठकीस दुकानातल्या पोरांसही बोलवावे, सतरंजीच्या कडेस नव्हे, मध्ये बसवावे, आणि कोणता वार हवा हे आधी त्यांस विचारावे. आणि बैठक ठेवावी ती दुकाने बंद झाल्यावर रात्री दहाला नव्हे, दुपारी दोनला, फळ्या लावून.